पूर्ण आगमन

काकांनी विचारलं होतं. नेहमीच्या शब्दांत, स्पष्ट विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, काकांच्या मुलीला तर नाहीच. त्या दुपारी खोलीत बरीच माणसं होती, पण तो प्रश्न ऐकणारा मी एकटा होतो. त्यामुळे गप्प राहणं सोपं गेलं.

काका माझे नात्याचे कोणी नाहीत. मी अमरावतीकडचा. इथल्या एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची नोकरी लागली म्हणून जबलपूरला आलो, सदर नावाच्या वस्तीत भाड्याने राहिलो, आणि पहिल्याच वर्षी गणपतीच्या पंगतीत काका शेजारी बसले होते. मी वाढणाऱ्याला "भैया, थोडा वरण" म्हणालो तसे ते हसले. "काहून रे, वऱ्हाडातला ना तू? मग वरणाले हिंदीत काहून हाक मारून राहिला?" जेवण होईपर्यंत मला कळलं की ते रेल्वेतून सेक्शन कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेत, इथेच घमापुरला राहतात, काकू गेल्यात, मुलगी-जावई सोबत आहेत, आणि घराच्या माडीवर त्यांची स्वतःची रेल्वे आहे.

खेळण्यातली, असं मी म्हणालो. ते त्यांना आवडलं नाही.

"खेळणं पोरांचं असते," ते म्हणाले. "हा सेक्शन आहे. येशील तेव्हा चपला खाली काढून येजो."

माडीवर खोलीभर टेबल होतं. त्यावर दोन स्टेशनं, एकेरी लाईन, पुठ्ठ्याचा डोंगर, डोंगरातून बोगदा. रूळ परदेशातून मागवलेले, इंजिनांचे सांगाडे काकांनी पत्रा कापून केलेले. मेल गाडीच्या निळ्या इंजिनावरचा पिवळा पट्टा काकूंनी ओढलेला होता. मी रविवारी जायला लागलो. बायको म्हणायची, "तुमचं सासर घमापुरात आहे वाटतं."

सेक्शन कंट्रोलरचं काम काय असतं ते मला काकांनीच समजावलं. तो माणूस जन्मभर गाड्या चालवतो आणि त्याला एकही गाडी दिसत नाही. बंद खोलीत, कानाला फोन लावून बसतो. स्टेशन मास्टर फोनवर सांगतो, अमुक गाडी निघाली, अमुक आली. त्या शब्दावर हा पुढची गाडी सोडायची की अडवायची ते ठरवतो. स्टेशन मास्टरनेही गाडी नुसती फलाटावर लागली म्हणून 'आली' म्हणायचं नसतं. शेवटच्या डब्यामागे एक पाटी असते. ती पाटी डोळ्यांनी बघायची, म्हणजे मधेच गाडी तुटून मागचे डबे लाईनवर राहिले नाहीत याची खात्री होते. मग म्हणायचं, पूर्ण आली.

हा नियम काकांनी माडीवरही ठेवला होता. हातात रिमोट घेऊन ते खुर्चीत बसत आणि फलाटाजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारत, "मालगाडी पूर्ण आली?" त्या माणसाने वाकून शेवटचा डबा बघायचा आणि म्हणायचं, "पूर्ण आली. शेवटचा डबा पाहिला." हे वाक्य अख्खं म्हणावं लागे. मी एकदा नुसतं "हो" म्हणालो तर काकांनी पुढची मेल सोडलीच नाही. मी वाट बघत राहिलो, ते छताकडे बघत राहिले.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, काचबिंदूने कडा खाल्ल्या. समोरचं, मोठं, जवळचं दिसायचं. इकडून तिकडे पळणारी बारीक गाडी नजरेत सापडायची नाही. रविवारी जाऊन बघतो तर टेबलावर चादर. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, जिन्यात मला हळूच म्हणाली, "भैया, बाबा वर जातच नाहीत. काहीतरी करा ना. तुम्ही इतकं शिकवता."

मी केलं. त्याचा मला तेव्हा अभिमान होता, तोही लपवत नाही.

या गाड्यांच्या रुळांमधून नुसती वीज जात नाही. त्या विजेतच हुकूम मिसळलेले असतात. प्रत्येक इंजिनाला नंबर असतो. रिमोटवर काकांनी वेग वाढवला की रुळांतून हुकूम धावतो: अमुक नंबर, पुढे, इतक्या वेगाने. सगळी इंजिनं तो ऐकतात, ज्याचा नंबर असेल ते पाळतं. रुळांचे सांधे बदलायचे हुकूमही तसेच. मी रुळांना एक बारीक सर्किट लावलं, जे हे सगळे हुकूम चोरून ऐकेल, आणि ऐकलेलं भिंतीवरच्या जुन्या टीव्हीवर दाखवेल. काळ्यावर पिवळी मोठाली अक्षरं, खऱ्या फलाटावरच्या बोर्डावर असतात तशी. गाडी कोणती, कोणत्या दिशेने, किती वेगाने, कोणत्या फलाटावर.

पहिल्यांदा बोर्ड लागला तेव्हा काका खुर्ची पुढे ओढून अगदी जवळ बसले. मालगाडी सोडली. "मालगाडी, अप, मंद" असं आलं. त्यांनी वेग वाढवला, अक्षरं बदलली. त्यांनी थांबवली, "उभी" असं आलं. त्यांनी मागे न बघता माझा हात शोधला आणि धरला. ताई दारात उभी होती, तिने पदर डोळ्याला लावला.

"एक करून दे," काका म्हणाले. "नुसतं 'आगमन' नको. पूर्ण आल्यावर 'पूर्ण आगमन' आलं पाहिजे."

इथून माझं चुकायला लागलं.

बोर्डाला फक्त हुकूम कळत होते. काकांनी 'थांब' म्हटलं एवढं त्याला कळायचं. गाडी थांबली का, कुठे थांबली, तिचे सगळे डबे तिच्यासोबत आहेत का, यातलं काहीही त्याला कळत नव्हतं. ते कळायला बोगद्यात डोळे बसवायला हवे होते. म्हणजे एका बाजूने न दिसणाऱ्या प्रकाशाची रेघ सोडायची, दुसऱ्या बाजूने पकडायची. रेघ तुटलेली राहिली म्हणजे आत काहीतरी उभं आहे. ते डोळे मी मागवलेही होते. पण बसवायचे म्हणजे टेबलाखाली उताणं पडून, डोंगर खालून पोखरून, वायरी ओढाव्या लागणार होत्या. माझी कंबर दुखायची. आणि खरं सांगायचं तर बोर्डाचं कौतुक आधीच सुरू झालं होतं. ताईने व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला होता, कॉलेजात लोक विचारत होते.

मी सोपा मार्ग काढला. मालगाडीला बोगद्यातून फलाटावर यायला साधारण किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. 'थांब'चा हुकूम मिळाल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि 'पूर्ण आगमन' झळकवायचं. ते आगमन कोणी पाहिलेलं नव्हतं. मी ते अंदाजाने लिहीत होतो.

काकांनी विचारलं, "म्हणजे आता बोगद्यातलं बी समजते याले?"

"समजतं ना काका," मी म्हणालो. मनात होतं, पुढच्या रविवारी बसवून टाकू.

"मग हा माझा स्टेशन मास्टर," ते म्हणाले आणि टीव्हीच्या कडेवरून हात फिरवला.

तरी विचारायची सवय त्यांनी सोडली नाही. बोर्डावर अक्षरं आली तरी ते म्हणायचे, "पूर्ण आली?" मी चिडवायचो, "काका, समोर लिहिलंय की." ते म्हणायचे, "लिहिलं आहे, पण बोलला कुठं तो? माणसाच्या तोंडून ऐकू दे मला." मग मी वाकून बघायचो आणि अख्खं वाक्य म्हणायचो. पुढचे रविवार आले आणि गेले. डोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात तसंच राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका माडीवर पूजा करायचे. आपल्याकडे त्या दिवशी ज्याची जी हत्यारं असतील ती पुसून पुजतात. काकांचं हत्यार म्हणजे रिमोट. त्यावर हळदकुंकू, एक झेंडूचं फूल. मग जुने सोबती यायचे, चिवडा-लाडू व्हायचा आणि सगळ्यांसमोर एकदा गाड्या धावायच्या. त्या वर्षी बोर्ड बघायला जास्तच लोक आले. त्यात एक निवृत्त गार्डसाहेब होते. मोठा आवाज, मोठं पोट, काकांचे दोस्त.

"इंजन को फूल, रिमोट को फूल," ते म्हणाले, "और गार्ड के डिब्बे को कुछ नहीं? सारी उमर यही हुआ हमारे साथ!"

सगळे हसले. मीही हसलो आणि झेंडूच्या पाकळ्या दोऱ्यात ओवून मालगाडीच्या शेवटच्या डब्याला, गार्डच्या डब्याला, बांधल्या.

काकांनी मालगाडी सोडली. ती डोंगरात शिरली, पलीकडून निघाली, फलाटावर येऊन थांबली. लोक गाडीकडे बघतच नव्हते, टीव्हीकडे बघत होते. मी काकांच्या खुर्चीला टेकून उभा होतो आणि कोणाला तरी समजावत होतो की रुळांतून हुकूम कसे जातात. "अरे वाह, ये तो असली स्टेशन हो गया," कोणीतरी म्हणालं. गार्डसाहेब एक जुना किस्सा सांगत होते, ताई चहाचा ट्रे घेऊन दारात होती. टीव्हीवर 'पूर्ण आगमन' झळकलं.

काका म्हणाले, "मालगाडी पूर्ण आली?"

मी बोर्डाकडे बघत म्हणालो, "पूर्ण आली. शेवटचा डबा पाहिला."

मी पाहिला नव्हता. मान वळवली असती तर दिसलं असतं. फलाट माझ्या हाताच्या अंतरावर होता. झेंडूचा दोरा बोगद्याच्या तोंडाशी अडकला होता आणि गार्डचा डबा आतच सुटून राहिला होता.

काकांनी मेल सोडली, ती डोंगरात शिरली. बोगद्यातून एक बारीकसा आवाज आला, पुठ्ठा फाटल्यासारखा. निळं इंजिन बाहेर आलं ते तिरकं होऊन, टेबलाच्या कडेवरून खाली फरशीवर. बोर्डावर तेव्हाही लिहिलेलं होतं: "मेल, डाऊन, वेगात." काकांनी हुकूम मागे घेतलाच नव्हता, मग बोर्डाला कसं कळणार?

गार्डसाहेबांनी बोगद्यात हात घालून चेमटलेला डबा काढला. "लो! मेरा ही डिब्बा छूट गया!" पुन्हा हशा. पण काका हसत नव्हते. ते खुर्चीत ताठ बसले होते.

"मी विचारलं होतं ना?" ते म्हणाले.

ताई म्हणाली, "बाबा, मी इथेच होते. मला नाही ऐकू आलं काही."

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना माझा चेहरा नीट दिसला असेल; समोरचं, जवळचं त्यांना दिसायचं.

"तू ऐकलं काय रे?"

मी म्हणालो, "लक्षात नाही काका. गोंधळ होता ना."

हेच ते. बाकी सगळं, डोळे न बसवणं, अंदाजाने अक्षरं लिहिणं, न बघता वाक्य म्हणणं, याला आळस म्हणता येईल, मोठेपणाची हौस म्हणता येईल. या वाक्याला तसं दुसरं नाव नाही. कौतुक करणारी ती सगळी माणसं समोर उभी होती आणि मला त्यांच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. एवढ्यासाठी.

काका हळूच म्हणाले, "म्हणजे विचारलं नसंल."

"अरे साहब, छोड़िए," गार्डसाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डिब्बा छूटा, फूल की वजह से छूटा. इसमें आपका क्या?"

"गाडी तुटते," काका मराठीतच म्हणाले, गार्डसाहेबांना कळो न कळो. "गाडी तुटणं हा गुन्हा नाही. न विचारता लाईन देणं गुन्हा आहे. नोकरीत एकदा बी नाही केला मी."

"तो अब उमर हो गई साहब. चार्ज दे दीजिए!"

तो विनोद होता. गार्डसाहेब वाईट माणूस नव्हते. पण काकांनी रिमोटवरचं फूल उचललं, बाजूला ठेवलं, आणि रिमोट माझ्या हातात दिला. "घे चार्ज," म्हणाले. मी घेतला.

निळं इंजिन मी घरी नेऊन दुरुस्त केलं. पत्रा सरळ केला, आतलं सर्किट बदललं, काकूंच्या पट्ट्याला धक्का लागू दिला नाही. ताई म्हणाली, "भैया, तुमच्यासारखं कोण करतं आजकाल." मी चहा प्यालो आणि घरी आलो.

काका पुन्हा माडीवर चढले नाहीत. पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. त्या दिवसानंतर ते प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला विचारायला लागले. "मी गॅस बंद केला होता काय?" "मी दूधवाल्याले सांगितलं होतं काय?" आणि समोरचा जे म्हणेल ते मान्य करायचे. पूर्वी ताईशी वाद घालायचे, आवाज चढायचा, "मले शिकवू नको" म्हणायचे. आता नाही. तिने औषधांचा डबा आपल्या ताब्यात घेतला, ते गप्प. ती म्हणाली, एकट्याने ऑटो करून नर्मदेवर, ग्वारीघाटला, जायचं नाही, ते म्हणाले, "बरं." तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने स्मरण चांगलं आहे. काका मला म्हणाले, "डॉक्टरले काय ठाऊक? तो काय त्या दिवशी होता?"

त्या दिवशी जो होता तो समोर बसून लाडू खात होता.

मागच्या हिवाळ्यात ताईने विचारलं, "भैया, तुम्ही सोबत असाल तर बाबांना नर्मदेवर नेता का?" आम्ही ऑटोने ग्वारीघाटला गेलो. काकांनी द्रोणातला दिवा घेतला, पायरीवर बसून सोडला. तो कुठे गेला ते त्यांना दिसलं नाही. मी सांगत होतो, आता नावेजवळ, आता पुढे. एक नाववाला "आओ बाबूजी, उस पार" म्हणत होता. त्याला मी हाताने नको म्हटलं.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "एक सांगू काय? हसजो नको."

"सांगा ना."

"मले कधी कधी वाटते, मी विचारलं होतं. आणि तू म्हणाला होता, पूर्ण आली, शेवटचा डबा पाहिला. तुझाच आवाज, जशाचा तसा." ते पाण्याकडे बघत होते. "मग वाटते, मनाचे खेळ आहेत. आपल्याले पाहिजे तेच ऐकू येते म्हातारपणी. नाही काय?"

याहून सोपं कोणी करून देणार नव्हतं. मला फक्त "नाही काका" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "चला, मग ऑटो मिळणार नाही."

ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढले. वर आल्यावर म्हणाले, "तू आहे म्हणून येता आलं."

त्यानंतरच्या रविवारी मी कपाटातलं ते पाकीट घेऊन घमापुरला गेलो. ताईला म्हणालो, थोडं राहिलेलं काम आहे. टेबलाखाली उताणा पडलो, डोंगर खालून कापला, बोगद्यात डोळे बसवले. कंबर दुखली, पण वाटलं होतं तेवढी नाही. आत गार्डचा डबा ठेवून बघितला. बोर्डावर आलं: "बोगद्यात गाडी. लाईन बंद." डबा काढला, अक्षरं गेली. इतकं सोपं होतं ते.

ताई काकांना हाताला धरून वर घेऊन आली. "बाबा, बघा, भैयाने बोगद्यात डोळे लावले. आता चूक होऊच शकत नाही."

काकांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आधी नव्हते काय डोळे?"

मी म्हणालो, "हे जरा चांगले आहेत."

ते टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बोगद्यापर्यंत गेले, तोंडाशी बोट लावून पाहिलं. "आता काहून रे," म्हणाले. "आता कोण चालवते?" आणि ताईला म्हणाले, "चल, खाली जाऊ."

त्यांना कळलं असेल का? मला वाटतं, ते माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत आहेत. त्यांची रीतच ती आहे. लिहिलेल्यावर त्यांचा कधी विश्वास नव्हता. म्हणून हे लिहिल्याने माझं काही फिटलं असं मी समजत नाही. एवढी बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत, आणि दिसली असती तरी त्यांनी विचारलं असतं, बोलला कुठं तो?

त्यांचा रिमोट माझ्या कपाटात आहे. चार्ज म्हणून घेतलेला, कधी न वापरलेला. तो मला परत द्यायचा आहे. आणि ताईच्या समोर, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, काकांना सांगायचं आहे की तुम्ही विचारलं होतं, उत्तर मी दिलं होतं, आणि मी शेवटचा डबा पाहिला नव्हता. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.